मसाल्याच्या पाकिटावर नाव छापण्याआधी कोणत्या चुका टाळाव्यात?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी आणि माझी धाकटी जाऊ गेली चार वर्षे कराडमध्ये घरी गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकतो. सुरुवात नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांपासून झाली. आता सातारा, सांगली आणि पुण्याहूनही मागणी येते आणि महिन्याला साधारण साठ किलो माल जातो. अन्नसुरक्षेची नोंदणी आम्ही पहिल्याच वर्षी करून घेतली, पण पाकिटाचा विचार कधी केला नाही. साध्या पारदर्शक पिशवीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवून आजवर भागले. यंदा पुण्यातल्या दोन दुकानदारांनी दिवाळीआधी माल ठेवण्याची तयारी दाखवली असून, पाकिटाला नाव आणि नीटस रूप असावे अशी त्यांची अट आहे.

नावासाठी घरातून तीन सूचना आल्या आहेत : 'आईच्या हातची चव', 'शुद्ध स्वाद' आणि 'रॉयल स्पाइसेस'. पुतण्याने मोबाइलवरच्या एका अॅपमधून बोधचिन्ह करून दिले आहे. त्यात उखळ-मुसळ, तुळशीवृंदावन, नऊवारी नेसलेली बाई, लाल मिरच्या आणि मागे उगवता सूर्य आहे. दहा हजार पाकिटे एकदम छापली तर दर जवळजवळ निम्म्यावर येईल, असे छापखान्याने सांगितले आहे आणि आगाऊ रक्कम मागितली आहे. ही रक्कम आमच्या वर्षभराच्या बचतीएवढी आहे, म्हणून ती देण्याआधी ज्यांनी ही वाट तुडवली आहे त्यांना विचारावेसे वाटले. फोनवर पुष्कळ ग्राहक 'दोघी जावांचा मसाला पाठवा' असेच म्हणतात, पण ते दुकानात शोभणारे नाव नाही असे घरातल्या मंडळींचे मत पडले. आमचे कुठे चुकत असेल तर कृपया स्पष्ट सांगावे.

चिन्हनोंदणी

ताई, आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर आणखी पंधरा दिवस देऊ नका, एवढी विनंती आधी करतो. मी ट्रेडमार्क, म्हणजे मालाची ओळख सांगणारे नाव किंवा चिन्ह, यांच्या नोंदणीचे काम करतो आणि माझ्याकडे येणारे निम्मे छोटे व्यावसायिक पाकिटे छापून झाल्यावरच येतात, तेव्हा फार थोडे हातात उरलेले असते.

तुमच्या तिन्ही नावांत एकच अडचण आहे. ती मालाचे वर्णन करतात, पण तो माल तुमचा आहे हे सांगत नाहीत. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार वस्तूचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा उगमस्थान एवढेच सांगणाऱ्या शब्दांवर सहसा नोंदणी मिळत नाही, आणि हा नियम न्याय्यच आहे, कारण 'शुद्ध' किंवा 'स्वाद' हे शब्द कोणा एकाच्या मालकीचे झाले तर बाकीच्या मसालेवाल्यांनी काय लिहावे? 'आईच्या हातची चव' हे नाव मनाला भिडते, पण ते सगळ्यांनाच सुचते. उद्या शेजारच्या गल्लीत कोणी 'आईच्या हाताची चव' म्हणून मसाला काढला तर त्याला थांबवणे तुम्हाला फार कठीण जाईल. विलेपार्ल्याच्या कारखान्यातून पूर्वी निघणाऱ्या बिस्किटाचे उदाहरण घ्या. 'पार्ले ग्लुको' या नावातला ग्लुकोजचा भाग कोणालाही वापरता येत होता आणि बाजारात ग्लुकोज बिस्किटांची गर्दी झाली होती. शेवटी १९८० च्या दशकात 'पार्ले-जी' हे नाव घ्यावे लागले. एवढ्या मोठ्या उद्योगाला ते पेलले. तुमच्या-माझ्यासारख्याला नाव बदलणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देणे असते.

दुसरा गैरसमज मी जवळजवळ रोज ऐकतो. उद्यम नोंदणी, जीएसटी, दुकान-आस्थापनेचे प्रमाणपत्र किंवा अन्नसुरक्षेचा क्रमांक त्या नावाने मिळाला म्हणजे नाव आपले झाले असे लोकांना वाटते. तसे होत नाही. या नोंदणी करणारी कार्यालये तेच नाव दुसऱ्या कोणाचा ट्रेडमार्क आहे का, हे तपासत नाहीत. ती तपासणी तुम्ही स्वतः ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क करू शकता. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले आणि पिठे ३० व्या वर्गात येतात, आणि पुढे लोणची काढलीत तर त्यांच्यासाठी २९ वा वर्ग पाहावा लागेल. शोध घेताना केवळ तंतोतंत तेच नाव पाहू नका, उच्चारात जवळ जाणारी नावेही पाहा, कारण आक्षेप बहुतेक वेळा तिथूनच येतो.

वैयक्तिक अर्जदाराला किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे. इतरांना ते ९,००० पडते. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि पुढचे ४ महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. दरम्यान नावापुढे 'टीएम' (हा आमचा ट्रेडमार्क, एवढाच दावा) लिहायला हरकत नाही, परंतु वर्तुळातला 'आर' हे नोंदणीकृत असल्याचे चिन्ह नोंदणी हाती येण्यापूर्वी छापू नका. तसे करण्यास कायद्याने मनाई आहे आणि अनेक जण केवळ शोभेसाठी ते छापून अडचणीत येतात.

आणि हो, 'दोघी जावा' हे नाव तुम्ही इतक्या सहज बाजूला सारू नये असे मला वाटते. ते मसाल्याचे वर्णन करत नाही, आणि लोक ते तुमच्याचसाठी वापरतात. शिवाय आपल्या कायद्यात आधीपासून नाव वापरत असणाऱ्याला महत्त्व आहे. चार वर्षांतल्या ज्या बिलांवर, चिठ्ठ्यांवर किंवा ग्राहकांच्या संदेशांत हे नाव तारखेसह आलेले असेल ते सगळे जपून ठेवा. अर्जात 'वापर कधीपासून' हा रकाना असतो आणि त्याला पुरावा जोडावा लागतो.

कोकमआगळ

मी कुडाळचा. माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगतो, कारण तुम्ही त्यांच्या अगदी उंबरठ्यावर आहात.

पहिली चूक नावात 'अस्सल' आणि 'कोकम' हे दोन्ही शब्द घालण्याची. तीन वर्षांनी काजूगर आणि फणसपोळी सुरू केली तेव्हा कोकमाच्या नावाखाली काजू कसे विकायचे हा प्रश्न पडला. नाव बदलले, तर जुन्या ग्राहकांपैकी कित्येकांना आम्ही धंदा बंद केला असे वाटले; काहींनी तर वर्षभराने भेटल्यावर तसे बोलून दाखवले. याउलट 'विको' हे नाव पाहा. १९५२ साली विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी सुरू झाली आणि त्या नावाच्या आद्याक्षरांतून हा शब्द आला. तो दंतमंजनाला बांधलेला नव्हता, म्हणून पुढे हळदीच्या क्रीमवरही तितक्याच सहज बसला. तुमच्याकडे आजच चार पदार्थ आहेत, त्यामुळे 'मसाले' किंवा 'स्पाइसेस' हा शब्द मूळ नावात न घेता खाली लहान अक्षरांत लिहावा असे सुचवेन.

'अस्सल' या शब्दाचे वेगळेच प्रकरण झाले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनुसार शुद्ध, नैसर्गिक, ताजे, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाची विशेषणे नावात असतील आणि त्यांमुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर हे केवळ नाव आहे, मालाचे खरे स्वरूप दाखवत नाही, अशी सूचना किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत द्यावी लागते. म्हणजे वर अभिमानाने 'अस्सल' लिहायचे आणि खाली स्वतःच ते नाकारायचे! 'शुद्ध स्वाद' घेतलेत तर तुमच्यापुढे हाच प्रश्न येईल. चुकीचा समज होईल अशा रीतीने 'घरगुती' किंवा 'होममेड' लिहिण्यालाही त्याच नियमांत मनाई आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी चूक छायाचित्राची. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, दाट काळसर लाल असते, पण माझ्या बाटलीवर छापलेले चित्र इंटरनेटवरून घेतलेल्या लालभडक सरबताचे होते. मुंबईच्या एका प्रदर्शनात एका बाईंनी बाटली उन्हात धरून पाहिली आणि 'हे जुने झालेले दिसते' म्हणून परत ठेवली. माल उत्तम होता. खोटे चित्राने बोलले होते. तुमच्या बोधचिन्हातल्या लाल मिरच्या वाचून मला तोच प्रसंग आठवला. कांदा-लसूण मसाल्यावर मिरच्या शोभतील, पण गोडा मसाला ओळखला जातो तो धणे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल आणि नागकेशर यांच्या वासाने आणि काळपट तपकिरी रंगाने. ज्याने तो कधी खाल्लेला नाही असा ग्राहक मिरच्या पाहून तिखटाच्या अपेक्षेने घेईल आणि आमटी झाल्यावर नाराज होईल. दगडफुलाचे चित्र काढून घ्या. ते कोणाच्याच पाकिटावर मी अजून पाहिलेले नाही.

आमच्याकडच्यांसाठी एक जोड देतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाच्या मालाचे नाव राखणारी नोंद, मिळाले आहे. अशी मानांकित नावे आपल्या मालाला लावण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. गावाचे नाव कोणीही कसेही वापरावे असा आता भाग राहिलेला नाही.

अक्षरमात्रा

मी गेली अनेक वर्षे अक्षररचनेचे काम करते. ताईंच्या पुतण्याने प्रेमाने चित्र करून दिले आहे, त्याचा मान ठेवूनच लिहिते.

उखळ, वृंदावन, बाई, मिरच्या आणि सूर्य ही पाच चिन्हे झाली. पाकिटावर या सगळ्याला मिळणारी जागा दोन बोटांएवढी असेल आणि व्हॉट्सअॅपच्या गोल चित्रात तर त्याहूनही कमी. कृपया ते बोधचिन्ह एका इंचात, केवळ काळ्या रंगात कागदावर छापून हातभर अंतरावरून पाहा. जे ओळखू येणार नाही ते काढून टाका. बहुतेक वेळा शेवटी नाव तेवढे उरते, आणि चांगल्या अक्षरांत काढलेले नाव पुरेसेही असते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे काढली ती आठवा. अक्षराच्या वळणातूनच नाटकाची प्रकृती कळायची आणि वर्तमानपत्राच्या छोट्याशा जाहिरातीतही ते नाव वाचकाचे लक्ष वेधून घ्यायचे. देवनागरीत वेलांटी, मात्रा, उकार आणि शिरोरेषा यांची एवढी श्रीमंती असताना आपण उसनी चित्रे का चिकटवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

छपाईला देताना देवनागरीची फार काळजी घ्या. काही संगणक-आज्ञावल्यांमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे तुटून पायमोडकी होतात. संगणकावर बरोबर दिसणारा मजकूर छापखान्यात फॉन्ट नसल्यामुळे बदलतो, असेही होते. म्हणून अंतिम फाइलमध्ये अक्षरांच्या आकृत्या (फॉन्टवर अवलंबून नसलेली रेखाचित्रे) करून घ्या आणि छापलेला नमुना हातात घेऊन मोठ्याने वाचा. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. मराठी वळणाची अक्षरे हवी असतील तर तसे स्पष्ट सांगावे लागते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त परवान्याचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात, त्यामुळे कोणाचा तरी चोरलेला फॉन्ट वापरण्याचे काही कारण नाही.

अॅपमधल्या तयार चित्रांविषयी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती चित्रे इतर हजारो लोकांनाही उपलब्ध असतात, आणि कॅनव्हासारख्या सेवांच्या अटींनुसार त्यांच्या संग्रहातले चित्र घातलेले बोधचिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. ज्या नऊवारीतल्या बाईला तुम्ही आपली ओळख मानाल ती उद्या एखाद्या पोळीभाजी केंद्राच्या फलकावर दिसेल. नवे चित्र कोणाकडूनही काढून घेतलेत, अगदी पुतण्याकडूनही, तरी त्याचे हक्क तुमच्याकडे देत असल्याचे त्याच्या सहीचे पत्र घ्या, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. आणि चित्राची मूळ, कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल मागून घ्या. केवळ मोबाइलवर आलेल्या फोटोवरून पुढे काहीच करता येत नाही.

पेठेतलं दुकान

मी पुण्यात किराणा दुकान चालवतो आणि अशा बऱ्याच बचत गटांचा व घरगुती व्यावसायिकांचा माल ठेवतो. गल्ल्यामागे उभे राहून जे दिसते तेवढेच सांगतो.

तुमचाच हिशेब करू. महिन्याला साठ किलो माल २०० ग्रॅमच्या पाकिटांत भरला तर तीनशे पाकिटे होतात. दहा हजार पाकिटे संपायला तुम्हाला पावणेतीन वर्षे लागतील. तेवढ्या काळात फोन नंबर बदलेल, मिश्रणातले एखादे जिन्नस बदलेल, नियम बदलतील, आणि चार पदार्थांपैकी एखादा चालणारही नाही. निम्म्या दराचा मोह टाळा. एकरंगी साधी उभी राहणारी पाकिटे घ्या आणि पदार्थागणिक वेगळे स्टिकर शे-दोनशेच्या संख्येने छापा. सहा महिने लोकांच्या हातात फिरल्यावर काय बदलायला हवे ते आपोआप कळेल.

ग्राहक नाव विसरतो, पण रंग विसरत नाही. 'तो पिवळा पुडा द्या' असे मी दिवसातून कितीदा तरी ऐकतो. एका बाईंनी सहा महिन्यांत तीनदा लेबलाचा रंग बदलला. दर वेळी गिऱ्हाइकाने 'हा तो नाही' म्हणून पाकीट परत ठेवले. चारही पदार्थांचा चेहरा एकच ठेवा आणि पदार्थ ओळखण्यासाठी एकच पट्टा वेगळ्या रंगाचा करा.

मागच्या बाजूला निव्वळ वजन, एमआरपी, घटक, तयार केल्याची तारीख, किती काळ टिकेल, बॅच नंबर, तुमचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण यांना जागा ठेवावी लागते. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असणे आवश्यक आहे; त्याशिवाय मराठीतही अवश्य द्या. सुंदर लेबल छापून झाल्यावर तारीख कुठे मारायची हेच न उरल्यामुळे पेनाने लिहिलेली पाकिटे माझ्याकडे येतात आणि ती मी परत पाठवतो. 'रॉयल स्पाइसेस'बद्दल एवढेच म्हणेन की ते नाव वाचून कराडच्या दोन घरांतली माणसे माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत. माझ्याकडे गोडा मसाला मागणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. छापखान्याला थांबायला सांगितले आहे. काल रात्री आम्ही दोघींनी ३० व्या वर्गात शोध घेतला. 'स्वाद' असलेली नावे मोजता मोजता थकलो. आता घरातल्यांनाही 'दोघी जावा' पटू लागले आहे.

पण दोन शंका आहेत. रोमन लिपीत 'जावा' लिहिले की मोटारसायकल, संगणकाची भाषा आणि इंडोनेशियाचे बेट, असे सगळे समोर येते. आणि जाऊबाईंनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तिचे यजमान बदलीच्या नोकरीत आहेत. उद्या आमच्यापैकी एकीला गाव सोडावे लागले तर हे नाव कोणाचे?

चिन्हनोंदणी

पहिल्या शंकेला उपाय आहे. 'दोघी' हा शब्द कधीही वेगळा करू नका, दोन्ही शब्द एकाच जोड आकृतीत काढून घ्या आणि पाकिटावर देवनागरीच ठळक ठेवा. रोमन लिपीत एकच स्पेलिंग ठरवून सगळीकडे तेच वापरा, आणि त्या स्पेलिंगने इन्स्टाग्रामचे खाते व संकेतस्थळाचे नाव आजच घेऊन ठेवा.

दुसरा प्रश्न जाऊबाईंनी वेळेवर विचारला, याबद्दल त्यांचे अभिनंदन. नाव मोठे झाल्यावर हा प्रश्न निघाला की घरे फुटतात; हल्दीराम कुटुंबाच्या दिल्ली आणि कोलकाता शाखांमध्ये नावाच्या हक्कावरून वर्षानुवर्षे न्यायालयात वाद चालला. अर्ज एकीच्या किंवा कोणाच्याही यजमानांच्या नावाने करू नका. आधी दोघींची भागीदारी संस्था लेखी कराराने स्थापन करा, त्या करारात नाव संस्थेच्या मालकीचे असल्याचे लिहा आणि एक बाहेर पडली तर नाव कोणाकडे राहील, तिला त्याचा मोबदला कसा ठरवून मिळेल, मसाल्याचे प्रमाण कोण वापरू शकेल, ही तीन कलमे सविस्तर घाला. मग भागीदार म्हणून दोघींच्या नावे अर्ज करा. घाई झाली असे वाटू देऊ नका आणि उशीर झाला असेही नाही. गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पापडाला नाव नव्हते. 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये पाच रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा घेऊन निवडले गेले.

कराराचा मसुदा तयार झाला की इथे कळवा, मी वाचून देईन. तोवर स्टिकरवर 'दोघी जावा' आणि त्यापुढे 'टीएम' लिहून दिवाळीचा माल पाठवायला हरकत नाही, आणि पहिल्या बिलाची एक प्रत तारखेसह फाइलला लावून ठेवा.